सव्वा महिन्याचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्याचा इतिहास सांगावयाचा म्हटला म्हणजे कांहीं ठरलेल्या गोष्टी सांगितल्या जातात. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें. १८६४ सालीं त्यांतून हा जिल्हा वेगळा निघाला व पुढें वणी या नांवानें ओळखला गेला. १९०५ सालीं त्याला यवतमाळ हें नांव मिळालें. मूर्तिजापुराहून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची आगगाडी आली. वणीस जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांनीं १९३० सालीं पुसदच्या रानांत जंगल सत्याग्रह केला. या सर्व गोष्टी खऱ्या आहेत आणि अभिमानानें सांगण्यासारख्या आहेत. परंतु याच जिल्ह्यांत, याच सर्व वर्षांत, कोठल्या ना कोठल्या घरांत रोज एक घटना घडत होती, आणि तिची नोंद जन्ममृत्यूच्या पुस्तकांतील एका ओळीपलीकडे कोणीं ठेविली नाहीं. एका स्त्रीला मूल होई. मूल झालें हें गांवाला कळे. मूल झाल्यावर त्या स्त्रीचें पुढें काय होई, हें विचारण्याची मात्र फारशी कोणास गरज वाटत नसे.

मराठी भाषेनें या अवस्थेला जें नांव दिलें आहे तें विचार करण्यासारखें आहे. मूल होण्यापूर्वीं ती गरोदर, दोन जिवांची. मूल झालें कीं ती बाळंतीण. बाळंतीण ही पदवी तिला प्रसूतीबरोबर मिळते, परंतु ती प्रसूतीबरोबर संपत नाहीं. लोकरूढीनें तिची मुदत सव्वा महिना ठरविली. सुश्रुताच्या संहितेंत सूतिकेची काळजी दीड महिना घ्यावी असें सांगितलें आहे. आधुनिक वैद्यकानें शरीर पूर्वस्थितीवर येण्याचा काळ सहा आठवड्यांचा धरला, आणि १९१९ सालीं वॉशिंग्टन येथें भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें कामगार स्त्रीला प्रसूतीनंतर सहा आठवडे कामावर घेऊं नये असा करार मंजूर केला. आजीबाईचा सव्वा महिना, वैद्याचा दीड महिना आणि परिषदेचे सहा आठवडे हीं तीन मापें तीन निरनिराळ्या वाटांनीं आलीं, परंतु तीं जवळपास एकाच ठिकाणीं येऊन थांबलीं. तेव्हां बाळंतिणीला किती विसावा हवा, हा प्रश्न कधींच अनुत्तरित नव्हता. अनुत्तरित राहिला तो दुसराच प्रश्न : तेवढे दिवस तिचें काम कोणीं करावयाचें?

सुस्थितींतील घरांत या प्रश्नाचें उत्तर न बोलतां दिलेलें असे. पहिल्या बाळंतपणाला मुलीनें माहेरीं यावें, आईनें डिंक, खोबरें, खारका, अळीव आधींपासून जमवून ठेवावे, बाजेखालीं शेगडी ठेवावी, ओवा आणि बाळंतशेपा हाताशीं असावा, कोणी तरी जाणत्या बाईनें रोज अंगाला तेल लावून न्हाऊ घालावें, पांचव्या दिवशीं सटवीची पूजा व्हावी, बाराव्या दिवशीं बारसें व्हावें, आणि सव्वा महिना लोटेपर्यंत मुलीनें जड भांडें उचलूं नये, असा तो क्रम होता. त्यांत कांहीं अपायकारक चालीही होत्या. खोली अंधारी असे, धुरानें कोंदलेली असे. कित्येक घरांत पाणी पिण्यावर बंधन असे. परंतु एक गोष्ट त्यांत निःसंशय चांगली होती. दमलेल्या शरीराला निजूं दिलें जात होतें, आणि निजलेल्या बाईला कोणी आळशी म्हणत नव्हतें.

मात्र या चित्राकडे जरा निरखून पाहिलें तर त्यांत बाळंतिणीखेरीज आणखी कितीएक स्त्रिया दिसूं लागतात. न्हाऊ घालणारी एक, स्वयंपाक करणारी दुसरी, बाळुते धुणारी तिसरी, रात्रीं मूल रडलें तर उठणारी चौथी. शिवाय कोठींत धान्य होतें, आणि मुलीच्या वडिलांना महिना-दीड महिन्याचा जादा खर्च सोसण्याचें बळ होतें. म्हणजे सव्वा महिना हा नुसता नियम नव्हता. तो दुसऱ्यांच्या श्रमावर आणि साठविलेल्या धान्यावर उभा असलेला एक खर्चिक व्यवहार होता. ज्या घरांत हातही कमी आणि धान्यही कमी, त्या घरांत नियम तोच राहिला, पण तो पाळावयाचें साधन राहिलें नाहीं. यवतमाळच्या बाळंतिणीची खरी कहाणी येथून सुरू होते.

हा जिल्हा कापसाचा. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें, तेथील कापूस विलायतेला पोंचेना, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर गेली. त्यानंतर रूळ आले, जिन आणि प्रेस आले, सावकारी वाढली, आणि ज्वारीच्या जागीं पऱ्हाटी उभी राहूं लागली. या पिकाचा एक विशेष असा कीं त्याचें निंदण आणि त्याची वेचणी हीं दोन्ही कामें मुख्यत्वें स्त्रियांच्या हातांनीं होतात. नांगर पुरुषाचा, पण बोंड वेचणारा हात बाईचा. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आणि कित्येकदां त्याहीपुढें, पहाटेच्या दंवांत वावर गाठावयाचें, कमरेच्या ओटींत कापूस भरावयाचा, आणि सायंकाळीं तो तोलून त्या वजनावर मजुरी घ्यावयाची, असा हा क्रम. वजनावर ठरणारी मजुरी ही बाळंतिणीच्या दृष्टीनें फार निष्ठुर गोष्ट आहे. तींत अर्ध्या शक्तीनें केलेल्या कामाला अर्धीच मजुरी, आणि न केलेल्या कामाला कांहींच नाहीं.

आतां वेचणीच्या दिवसांत बाळंत झालेल्या मजूर स्त्रीचा विचार करावा. ज्या दिवसांत घरांत चार पैसे यावयाचे, नेमक्या त्याच दिवसांत ती अंथरुणावर असणार. तिची मजुरी बुडाली तर मीठमिरचीचाही प्रश्न. तिच्या जोडीला वेचणीस जाणारी सासू घरीं राहिली तर दुसरीही मजुरी बुडणार. पहिलें बाळंतपण माहेरीं होई खरें, परंतु माहेरही वावरांतच राबणारें असलें तर तेथें तरी कोण रिकामें बसलेलें? मग दहाव्या-बाराव्या दिवशीं तीच बाई उठे, बाभळीच्या फांदीला झोळी बांधी, मूल तींत घाली आणि पऱ्हाटींत शिरे. डोंगराळ भागांतील कोलामांच्या पोडांत, गोंडांच्या पाड्यांत, पुसद-दारव्ह्याकडील बंजाऱ्यांच्या तांड्यांत चालीरीति निरनिराळ्या होत्या, देव निराळे होते, गाणीं निराळीं होतीं. परंतु पाणी दूर असलें कीं घागर घेऊन उठावें लागे, ही गोष्ट सगळीकडे सारखी होती.

येथें एका जुन्या चालीचा उल्लेख केल्यावांचून हा हिशेब पुरा होणार नाहीं. बाळंतिणीला दहा दिवस सोयर, म्हणजे विटाळ, मानीत. तिच्या हातचें पाणी चालत नसे, चुलीला तिनें शिवावयाचें नसे. या चालीनें स्त्रीला अपवित्र ठरविलें, आणि त्या अपमानाचें समर्थन करतां येणार नाहीं. तिच्यामुळें पुष्कळदां मदतीला येणारे हातही दूर राहिले आणि सुईणीचें कामच हलकें मानलें गेलें. परंतु गरीब घरांत याच विटाळानें एक अजब काम केलें. चुलीला शिवावयाचें नाहीं म्हणून का होईना, ती बाई दहा दिवस चुलीपासून सुटली. जी सुटी तिला माणूस म्हणून मिळत नव्हती ती तिला अपवित्र म्हणून मिळाली. पुढें सुधारणेच्या वाऱ्यानें विटाळाची कल्पना सैल झाली, आणि तें योग्यच झालें. मात्र विटाळ गेला तेव्हां त्याच्या जागीं विश्रांतीचा हक्क कोणीं आणून ठेविला नाहीं. जुनी भिंत पडली आणि तिच्या आडोशाला बसलेली बाई उन्हांत आली, असा हा प्रकार झाला.

रोगांचा हिशेब याहून कठोर आहे. मळक्या हातांनीं आणि मळक्या चिंध्यांनीं होणाऱ्या प्रसूतींतून सूतिकाज्वर येई. व्हिएन्ना येथील डॉक्टर सेमेलवाइस यांनीं १८४७ सालीं दाखवून दिलें होतें कीं तपासणाऱ्याचे हात क्लोरिनच्या पाण्यानें धुतले तर या ज्वरानें मरणाऱ्या स्त्रियांची संख्या झपाट्यानें उतरते. परंतु हें ज्ञान वऱ्हाडच्या खेड्यांतील सुईणीपर्यंत पोंचण्यास कित्येक पिढ्या लागल्या. त्यांत १८९९-१९०० चा दुष्काळ आला. वऱ्हाड त्यांत होरपळून निघालें आणि अंगावर पाजणारी आई स्वतःच उपाशी राहिली. १९१८ सालीं इन्फ्लुएंझाची सांथ आली. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा मुलूख त्या सांथींत देशांतील अतिशय पीडित मुलखांपैकीं एक होता, आणि गरोदर व नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांना तो ज्वर विशेष घातक ठरला. साथी येतात आणि जातात. त्या कोणाला आधीं गाठतात, हें मात्र साथ येण्यापूर्वींच घरांतील अन्नानें आणि विसाव्यानें ठरलेलें असतें.

या दुःखाची दखल कोणींच घेतली नाहीं असें मात्र म्हणतां येणार नाहीं. आनंदीबाई जोशी यांना वयाच्या चौदाव्या वर्षीं झालेलें मूल अवघे दहा दिवस जगलें. वैद्यक शिकण्याच्या त्यांच्या निश्चयामागें हें दुःख होतें. १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें त्या डॉक्टर झाल्या, आणि १८८७ सालीं, त्या विद्येचा उपयोग आपल्या भगिनींना होण्यापूर्वींच, मरण पावल्या. १८८५ सालीं व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनीं स्त्रियांना वैद्यकीय मदत देण्यासाठीं निधि उभारला आणि त्यांतून शहरोशहरीं स्त्रियांचीं रुग्णालयें निघालीं. १९०३ सालीं लेडी कर्झन यांच्या पुढाकारानें सुईणींना शिक्षण देण्यासाठीं दुसरा निधि निघाला. हे प्रयत्न मोलाचे होते. परंतु त्यांची दिशा पाहिली तर असें दिसतें कीं सारा भर प्रसूतीच्या घटकेवर होता. मूल सुखरूप बाहेर यावें, नाळ नीट कापली जावी, एवढ्यावर लक्ष केंद्रित झालें. त्यानंतरचे चाळीस दिवस घरच्या स्वाधीन केले गेले, आणि घर काय करूं शकेल, याची चौकशी झाली नाहीं.

या चौकशीच्या अगदीं जवळ जाऊन पोंचल्या त्या नागपूरच्या कमलाबाई होस्पेट. त्यांचा जन्म १८९६ सालचा. बारा वर्षांच्या असतां लग्न झालें आणि पंधराव्या वर्षीं वैधव्य आलें. त्या काळच्या रीतीप्रमाणें कोपऱ्यांत बसून आयुष्य काढावयाचें सोडून त्यांनीं नागपूरच्या डफरिन रुग्णालयांत परिचारिकेचें शिक्षण घेतलें, आणि १९२१ सालीं वेणूताई नेने यांच्या साह्यानें मातृसेवा संघ ही संस्था काढली. आरंभ केवळ चार खाटांच्या प्रसूतिगृहानें झाला. यवतमाळसकट सगळा वऱ्हाड त्या वेळीं नागपूर राजधानी असलेल्या प्रांताशीं जोडलेला होता, आणि या संस्थेचें काम पुढें नागपुराबाहेर विदर्भांत पसरलें. १९६१ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. १९८१ सालीं त्या निवर्तल्या. त्यांच्या कामाचें मर्म संस्थेच्या नांवांतच आहे. तें नांव प्रसूतीचें नाहीं, मातृसेवेचें आहे. मूल झालेल्या बाईचीही सेवा करावी लागते, ती दया नसून काम आहे, आणि तें काम शिकून करावें लागतें, हा विचार एका बालविधवेनें या प्रांतांत रुजविला.

दुसरी वाट कायद्याची होती. वॉशिंग्टनच्या परिषदेनंतर हिंदुस्थानांतही हा प्रश्न निघाला. मुंबईच्या कायदेमंडळांत १९२८ सालीं प्रसूति-लाभाच्या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हां डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्याला पाठिंबा दिला. आईला प्रसूतीच्या आधीं व नंतर विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, आणि म्हणून त्याचा भार सरकारनेंही उचलला पाहिजे, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. बाळंतिणीचा विसावा हा तिच्या नवऱ्याचा किंवा बापाचा खाजगी खर्च नसून सर्वांचा खर्च आहे, हें इतक्या स्पष्टपणें कायदेमंडळांत सांगितलें जाणें ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. १९२९ सालीं मुंबईचा कायदा झाला. पाठोपाठ १९३० सालीं, म्हणजे पुसदच्या रानांत सत्याग्रह झाला त्याच वर्षीं, मध्यप्रांताचा प्रसूति-लाभ कायदा झाला.

परंतु या कायद्यांचा रोख कारखान्यांतील कामगार स्त्रीकडे होता. कारखान्याला हजेरीपट असतो, मालक असतो, पगाराचा दिवस असतो. त्यामुळें बाईनें किती दिवस काम केलें व तिला किती द्यावयाचें हें ठरवितां येतें. यवतमाळच्या बाईला यांतलें कांहींच नव्हतें. आज एकाच्या वावरांत निंदण, उद्यां दुसऱ्याच्या वावरांत वेचणी, परवां स्वतःच्या चार एकरांत, आणि मोसम आला तर जिनांत कांहीं आठवडे सरकी निराळी करण्याचें काम. तिचा मालक कोण? हजेरी कोणत्या वहींत? स्वतःच्या शेतांत राबणारीला तर मालकही नाहीं आणि मजुरीही नाहीं. कायद्यानें विश्रांतीचा हक्क मान्य केला, पण तो नोकरीच्या खुंटीला टांगला. ज्यांना नोकरी नव्हती त्यांच्या हाताला ती खुंटी लागलीच नाहीं. त्याच सुमारास जगभर मंदी आली, कापसाचे भाव कोसळले, आणि लेकीचें पहिलें बाळंतपण करण्याची कुणबी बापाची जी थोडीफार ऐपत होती तीही ओसरली.

१९४६ सालीं भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. ब्रिटिश हिंदुस्थानांत दर हजार जिवंत जन्मांमागें सुमारें २० माता मरतात आणि वर्षाला अशा सुमारें दोन लाख मृत्यु होतात, असा तिचा अंदाज होता. त्या अहवालापासून आजपर्यंतचा प्रवास पाहिला तर एका बाबतींत समाधान वाटल्यावांचून राहत नाहीं. जंतुघ्न औषधें आलीं, रक्त देण्याची सोय झाली, धनुर्वाताची लस आली, खेड्याखेड्यांतून प्राथमिक आरोग्य केंद्रें उभीं राहिलीं, १९८९ सालीं यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें, आणि २००५ सालीं सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेनें गरीब स्त्रीला रुग्णालयाची वाट सुगम करून दिली. महाराष्ट्रांत २००१-०३ या काळांत दर लाख जिवंत जन्मांमागें १४९ माता मरत होत्या. २०१८-२० या काळांत तो आंकडा ३३ वर आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणींत या राज्यांतील शेंकडा ९४ हून अधिक प्रसूति रुग्णालयांत झालेल्या आढळल्या. मरणावर मिळविलेला हा विजय खरा आहे आणि तो मोठा आहे.

तथापि न मरणें म्हणजे बरें असणें नव्हे. ही गोष्ट यवतमाळच्या पूर्वेस चंद्रपूर जिल्ह्यापलीकडे असलेल्या गडचिरोलींत शास्त्रीय रीतीनें सिद्ध झाली. डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनीं १९८६ सालीं तेथें ‘सर्च’ ही संस्था काढली. १९९५-९६ सालीं तिच्या कार्यकर्त्यांनीं ३९ गांवांतील, घरींच बाळंत झालेल्या ७७२ स्त्रियांची प्रसूतीच्या वेळीं आणि पुढें चार आठवडे घरीं जाऊन पाहणी केली. निम्म्याहून अधिक स्त्रियांना कांहीं ना कांहीं विकार आढळला. त्यांत ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट अशी कीं प्रसूतीच्या वेळीं विकार झालेल्या स्त्रिया शेंकडा १७.७ होत्या, तर प्रसूतीनंतर विकार झालेल्या शेंकडा ४२.९. स्तनांचे विकार, मागाहून होणारा रक्तस्राव, जंतुदोष, निद्रानाश, अशी ती यादी आहे. म्हणजे ज्या घटकेवर साऱ्या जगाचें लक्ष होतें तिच्यापेक्षां अधिक स्त्रियांना पीडा त्या घटकेनंतर, लक्ष उडाल्यावर, होत होती. बाळंतिणीच्या खोलीचें दार उघडून कोणीं तरी आंत जाऊन विचारलें, तेव्हां हें कळलें.

या कामाचें फळ देशालाही मिळालें. प्रसूतीनंतर घरीं जाऊन आई-बाळाला पाहण्याची पद्धति २०११ सालापासून राष्ट्रीय कार्यक्रमांत आली. रुग्णालयांतून घरीं आलेल्या बाळंतिणीकडे आशा कार्यकर्तीनें तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीं जावें, असा नियम झाला. बेचाळिसावा दिवस म्हणजे पुन्हां तोच दीड महिना. जुन्या सुईणीच्या मागें रूढीचें बळ होतें, या नव्या कार्यकर्तीजवळ तागडी, तापमापक आणि नोंदवही आहे. मात्र तिच्या वहीचे रकाने बहुतांशीं बाळाचे आहेत. बाळाचें वजन किती, त्याचा श्वास कसा, नाळ कोरडी आहे का, हें सर्व विचारलें जाणें अवश्यच आहे. आई रात्रीं निजली का, दुपारीं जेवली का, तिला कोणी बोललें का, हे प्रश्न मागाहून आणि सवड असेल तर विचारले जातात.

मनाच्या दुखण्याची तर भाषाही आपण विसरत चाललों आहों. जुन्या मराठींत बाळंतवेड असा शब्द होता. तो ओबडधोबड असला तरी मूल झाल्यावर बाईचें मन बिघडूं शकतें, एवढें तो कबूल करीत होता. गोमंतकांत म्हापसे येथील रुग्णालयांत बाळंत झालेल्या स्त्रियांचा एक अभ्यास २००२ सालीं प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांनीं पाहिलें तेव्हां त्यांतील सुमारें शेंकडा २३ स्त्रियांच्या मनाला विषण्णतेनें ग्रासलेलें होतें. गरिबी, नवऱ्याकडून होणारा छळ आणि मुलगा हवा असतां मुलगी होणें, हीं त्यांमागचीं मोठीं कारणें आढळलीं. म्हणजे हें दुखणें निव्वळ शरीरांतील रसांच्या फेरफाराचें नाहीं. भोंवतालचीं माणसें बाळंतिणीशीं कशीं वागतात, याचाही तो परिणाम आहे. ज्या जिल्ह्यानें विसाव्या शतकाच्या अखेरीपासून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचें दुःख सोसलें, त्या जिल्ह्यांतील कर्जबाजारी घरांत मूल आलेल्या बाईच्या मनावर काय भार असेल, याची कल्पना यावरून करावी.

विश्रांतीच्या हक्काचेंही असेंच अर्धवट राहिलें. १९६१ सालीं सर्व देशासाठीं प्रसूति-लाभ कायदा झाला आणि बारा आठवड्यांची भरपगारी रजा मिळूं लागली. २०१७ सालीं ती पहिल्या दोन मुलांसाठीं सव्वीस आठवड्यांची झाली. शहरांतील नोकरदार स्त्रीला याचा मोठा आधार झाला. परंतु सव्वीस आठवड्यांची ही रजा आणि पऱ्हाटींतील बाई यांचें अंतर १९३० सालीं होतें त्याहून कमी झालें नाहीं, उलट वाढलें. तिच्यासाठीं सरकारनें रोख मदतीच्या योजना काढल्या. २०१७ सालापासून प्रधानमंत्री मातृवंदना योजनेंत पहिल्या मुलाच्या वेळीं ५,००० रुपये देण्याचें ठरलें. महाराष्ट्राच्या मानव विकास कार्यक्रमांत अनुसूचित जाति-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालील गरोदर स्त्रियांना ४,००० रुपये देण्याची तरतूद झाली, अर्धे नवव्या महिन्यांत आणि अर्धे प्रसूतीनंतर.

या शेवटच्या मदतीला सरकारी कागदांत जें नांव आहे तें मात्र मोलाचें आहे. तें नांव आहे ‘बुडीत मजुरी’. दीडशें वर्षांच्या या कहाणींत कोणा तरी लेखणीनें प्रथमच खरा शब्द लिहिला असें वाटतें. हें अनुदान नव्हे, बक्षीस नव्हे, दानही नव्हे. बाई बाळंत झाली म्हणून तिची जी मजुरी बुडाली तिची ही भरपाई आहे, असें हा शब्द सांगतो. त्यांत असें गृहीत धरलें आहे कीं ती बाई मजूर आहे, तिच्या दिवसाला किंमत आहे, आणि तो दिवस तिनें निजून घालविला तर त्याची किंमत समाजानें चुकती केली पाहिजे. शब्द बरोबर आहे. रक्कम मात्र शब्दाच्या मानानें फार तोकडी आहे. तिला जोडावयाचे कागद, बँकेचें खातें, तालुक्याच्या फेऱ्या, हें सर्व पुन्हां त्या बाळंतिणीलाच किंवा तिच्यासाठीं मजुरी बुडविणाऱ्या दुसऱ्या कोणाला करावें लागतें. शिवाय पैसा हातीं आला तरी रात्रीं उठणारे हात, पाण्याची घागर उचलणारे हात तो कोठून आणणार? सासू वावरांत आहे, नवरा कामासाठीं पुण्या-मुंबईकडे आहे, नणंद लग्न होऊन गेली आहे. एकत्र कुटुंब मोडलें आणि त्याच्या जागीं शेजार उभा राहिला नाहीं, ही अडचण पैशानें एकट्यानें सुटणारी नाहीं.

आणि ही अडचण आतां यवतमाळपुरती तरी कोठें राहिली आहे? शहरांतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतही नवी आई दिवसभर एकटीच असते. तिच्याजवळ रजा आहे, औषधें आहेत, पण तेल लावणारी आई दुसऱ्या गांवीं आहे. वावरांतील बाईजवळ माणसें आहेत, पण त्यांना सवड नाहीं. एकीला हात हवे आहेत, दुसरीला दिवस हवे आहेत. दोघींचा मिळून जो सव्वा महिना होतो तो जुन्या घरांनीं पुष्कळ चुका करूनही सांभाळला होता, आणि नव्या व्यवस्थेनें पुष्कळ प्राण वाचवूनही अद्याप पुरता सांभाळलेला नाहीं.

इतिहासांतून जो धडा मिळतो तो साधा आहे. बाळंतिणीचा विसावा आपोआप कधींच मिळत नाहीं; कोणी तरी त्याचें मोल देतें. तें मोल कधीं आईनें दिलें, कधीं सासूनें, कधीं विटाळाच्या चालीनें, कधीं गिरणीच्या मालकानें, कधीं सरकारी तिजोरीनें. ज्या ठिकाणीं कोणींच दिलें नाहीं, तेथें तें त्या बाईनें आपल्या कंबरेनें, आपल्या रक्तानें आणि आपल्या झोंपेनें दिलें. यवतमाळच्या पऱ्हाटींत झोळी बांधणाऱ्या स्त्रीनें तें पिढ्यान् पिढ्या दिलें, आणि तिनें वेंचलेल्या कापसाचें वस्त्र साऱ्या देशानें अंगावर घातलें. म्हणून हा हिशेब दूरच्या जिल्ह्याचा म्हणून बाजूला सारतां येणार नाहीं. तो तपासावयास आरंभ करावयाचा तर फार लांबही जावें लागत नाहीं. शहरांतल्या पुष्कळ सुशिक्षित घरांत भांडीं घासावयास येणारी एक बाई असते. ती बाळंत झाली म्हणजे पंधराव्या दिवशीं कामावर परत येते. आणि ती इतक्या लौकर कां आली, हें विचारण्यापेक्षां ती आली याचाच आनंद घरांत अधिक होतो. त्या दिवशीं तिला सव्वा महिन्याच्या पगारासह परत घरीं पाठविणें, हा या हिशेबांतील पहिला जमेचा आंकडा होईल.